‘ती पिवळी गोळी फक्त रविवारी’

आजी ७८ वर्षांच्या. वजन ४२ किलो. ताप, लघवीला जळजळ आणि रात्रीपासून असंबद्ध बडबड, म्हणून पहाटे चारला रुग्णालयात आणलेल्या. सोबत सून आणि सुनेच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत घरातली सगळी औषधं : अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, चुरगळलेली चिठ्ठी, मलमाची ट्यूब, बिनलेबलाच्या डबीत कसलंसं चूर्ण. रात्रभराच्या ड्यूटीने थकलेला निवासी डॉक्टर त्या चिठ्ठीवरून घरची औषधं भराभर केसपेपरवर उतरवून घेतो. रक्तदाबाची गोळी, १-०-०. कॅल्शियम, ०-१-०. मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, १-०-०.

शेवटच्या ओळीतून तीन शब्द गळलेले असतात : आठवड्यातून एक दिवस.

सकाळी साडेआठला वॉर्डात पांढरा कोट घातलेली एक तरुणी येते. ती डॉक्टर नाही, सिस्टरही नाही. ती पिशवी पलंगाच्या पायथ्याशी रिकामी करते आणि एकेक पट्टी उचलून सुनेला विचारते, ‘‘ही कधी देता?’’ पिवळ्या गोळीची पट्टी हातात घेतल्यावर सून सहज सांगते, ‘‘ती फक्त रविवारी. सांध्यांची आहे.’’ तरुणी केसपेपर उघडते, ती ओळ बघते आणि सिस्टरकडे जाऊन विचारते, ‘‘दहा नंबरच्या आजींच्या सकाळच्या गोळ्या दिल्या का?’’ ट्रॉली अजून आठ नंबरला असते.

ही तरुणी म्हणजे त्या रुग्णालयातली क्लिनिकल फार्मासिस्ट. नाव-गाव बदललं तरी हा प्रसंग कुठल्याही मोठ्या रुग्णालयात घडू शकतो, आणि जिथे या कामाला माणूस नेमलेला नाही, तिथे तो वेगळ्या तऱ्हेनेही संपू शकतो. मेथोट्रेक्सेट हे आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, उपचारातलं अत्यंत उपयुक्त आणि स्वस्त औषध. आठवड्यातून एकदाच घ्यायचं. तेच औषध रोज दिलं, तर काही दिवसांतच तोंडात फोड येतात, हाडांच्या मगजातलं रक्तपेशींचं उत्पादन मंदावतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कोसळतात. या एका गफलतीने जगभरात मृत्यू झालेले आहेत. म्हणूनच औषधसुरक्षेच्या क्षेत्रातले जाणकार सांगतात, की चिठ्ठीवर नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ लिहू नका, वार लिहा.

यातला खरा धोका असा, की हे नुकसान चटकन ओळखू येत नाही. आजींना आठवडाभर रोज ती गोळी मिळाली असती आणि मग पांढऱ्या पेशी घटल्या असत्या, तर ‘जंतुसंसर्ग फार वाढला’ असंच सगळ्यांना वाटलं असतं. संसर्गाने आलेल्या माणसाचा शेवट संसर्गाने झाला, यात कुणाला शंका आली असती? औषधांच्या चुका अनेकदा अशा आजाराच्या सावलीत लपून राहतात.

मराठीत ‘मेडिकल’ म्हणजे औषधांचं दुकान आणि फार्मासिस्ट म्हणजे त्या दुकानात काउंटरमागे उभा असलेला माणूस. सरकारी दवाखान्यातल्या या पदाचं नाव ‘औषध निर्माण अधिकारी’. प्रत्यक्षात तो औषधं निर्माण करत नाही. खिडकीतून देतो आणि साठ्याच्या नोंदी ठेवतो. ही नावं उगाच पडलेली नाहीत. आपल्याकडचं औषधशास्त्राचं शिक्षण बराच काळ कारखान्याकडे तोंड करून उभं होतं. बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांनी या शिक्षणाचा पाया घातला, १९४८ मध्ये फार्मसी कायदा आला. पण अभ्यासक्रमाचा भर गोळी कशी बनते, किती दिवस टिकते, तिची गुणवत्ता कशी तपासायची यावर राहिला. देशाला औषधनिर्मितीत स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, तेव्हा ते योग्यही होतं. गोळी पोटात गेल्यावर त्या विशिष्ट माणसाचं काय होतं, हा मात्र डॉक्टरांचा प्रांत मानला गेला.

फार्मासिस्टने खिडकीमागून निघून रुग्णाच्या खाटेपाशी यावं, ही कल्पना अमेरिकेत रुजली. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६६ मध्ये नवव्या मजल्यावर एक प्रयोग सुरू झाला. औषधतज्ज्ञांना तळघरातल्या औषधालयातून वॉर्डातच आणून बसवलं गेलं. डॉक्टरांना आणि परिचारिकांना औषधाविषयी काही विचारायचं असेल, तर माणूस समोर हजर. ‘नववा मजला’ याच नावाने तो प्रयोग औषधशास्त्राच्या इतिहासात ओळखला जातो.

भारतात रुग्णालयकेंद्री ‘फार्म. डी.’ हा अभ्यासक्रम सुरू व्हायला २००८ साल उजाडलं. बारावीनंतर सहा वर्षं : पाच वर्षं अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप. आजींची पिशवी उपसणारी तरुणी याच वाटेने आलेली.

मेथोट्रेक्सेटची ओळ सापडली, पण तिचं काम ती खोडण्याने संपत नाही. केसपेपरवर ती स्वतः काही खोडूच शकत नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. ती निवासी डॉक्टरला फोन लावते. ‘‘सर, दहा नंबरच्या आजींची मेथोट्रेक्सेट घरी फक्त रविवारी आहे. रोजची लिहिली गेलीय. आणि संसर्ग चालू आहे तोवर थांबवायची का?’’ हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. मेथोट्रेक्सेट प्रतिकारशक्तीला लगाम घालतं. अंगात मोठा संसर्ग असताना ते आठवड्याचंसुद्धा सहसा थांबवलं जातं.

मग ती आजींचे रिपोर्ट बघते. क्रिएटिनिन १.१. प्रयोगशाळेच्या कागदावर हा आकडा ठळक अक्षरांत येत नाही, कारण तो ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतो. नातेवाइकांनाही सांगितलं जातं, किडनी ठीक आहे. फार्मासिस्ट मात्र कागदाच्या कोपऱ्यात एक गणित मांडते. १४० मधून वय वजा करायचं : ६२. त्याला वजनाने गुणायचं : २,६०४. क्रिएटिनिनला ७२ ने गुणून आलेल्या ७९.२ ने भागायचं : सुमारे ३३. रुग्ण स्त्री असेल तर त्याला ०.८५ ने गुणायचं. उत्तर २८. म्हणजे आजींची मूत्रपिंडं मिनिटाला साधारण २८ मिलिलिटर रक्तद्रव गाळतात. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभराच्या आसपास किंवा वर असतो.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा कचरा. आजींच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, मग कचरा तरी कुठून निघणार? उकिरडा लहान दिसतो तो झाडलोट चांगली चालते म्हणून नव्हे, तर घरात माणसंच थोडी आहेत म्हणून. हे सूत्र कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या कॅनडातल्या दोन डॉक्टरांनी १९७६ मध्ये मांडलं. ते बेतलं होतं पुरुषांच्या मोजमापांवर. स्त्रियांसाठी १५ टक्के कमी धरायचे, ही तडजोड. त्यानंतर अधिक नेमकी सूत्रं आली. तरी औषधाचा डोस ठरवताना हे जुनं सूत्र अजून वापरात आहे, कारण असंख्य औषधांच्या मात्रा त्याच्याच आधाराने ठरलेल्या आहेत.

२८ हा आकडा कळल्यावर केसपेपरवरची निम्मी औषधं वेगळी दिसू लागतात. संसर्गासाठी लिहिलेलं मेरोपेनेम दर आठ तासांनी आहे. या मूत्रपिंडांना ते बारा तासांनी पुरेल. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात दिलं जाणारं एनॉक्सापॅरिन या मूत्रपिंडांतून नीट बाहेर पडणार नाही, साचेल आणि रक्तस्रावाचा धोका वाढेल. त्याची मात्रा उतरवायला हवी. आणि मेथोट्रेक्सेटही मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतं. म्हणजे आजींच्या बाबतीत प्रश्न रोज की रविवारी एवढाच उरत नाही. आता ते द्यावं की नाही, हेच सांध्यांच्या डॉक्टरांना नव्याने विचारायला हवं.

इथे एक मेख आहे, आणि ती पुस्तकी फार्मासिस्ट आणि वॉर्डात मुरलेला फार्मासिस्ट यांतला फरक दाखवते. मात्रा कमी करायची हे खरं, पण लगेच की उद्या? गंभीर संसर्गात पहिल्या दिवशी अँटिबायोटिक कमी पडलं, तर रुग्ण हातचा जाऊ शकतो. शिवाय सलाइन चढल्यावर, रक्तदाब सावरल्यावर मूत्रपिंडं पुष्कळदा पुन्हा जोर धरतात. त्यामुळे अनुभवी फार्मासिस्ट मेरोपेनेमला पहिला दिवसभर हात लावा असं सुचवत नाही. उद्याचं क्रिएटिनिन बघून ठरवू म्हणते. एनॉक्सापॅरिनसाठी मात्र आजच बोलते. एकाच आकड्यावरून एका औषधाला घाई आणि दुसऱ्याला सबुरी.

‘सलाइन लावलं’ हेही एक मराठी गौडबंगाल. बाटली कोणतीही असो, आपण तिला सलाइन म्हणतो. वॉर्डात मात्र कोणत्या बाटलीत काय मिसळायचं, यावर बरंच अवलंबून असतं. फिटचं फेनिटॉइन हे इंजेक्शन ग्लुकोजच्या बाटलीत टाकलं, तर त्याचे बारीक स्फटिक बनतात. ते साध्या मिठाच्या पाण्यातच द्यायचं. बुरशीच्या संसर्गावरचं अँफोटेरिसिन बरोबर उलट : मिठाच्या पाण्यात साका धरतं, म्हणून ग्लुकोजमध्ये. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे रोजच्या वापरातलं अँटिबायोटिक कॅल्शियम असलेल्या रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळायचं नाही. नवजात बाळांत या दोहोंच्या संयोगाने फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत साका जमून मृत्यू झालेले आहेत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा अँफोटेरिसिन हे नाव घराघरांत पोहोचलं. ते कोणत्या बाटलीतून द्यायचं ही गोष्ट मात्र वॉर्डाच्या भिंतीआडच राहिली.

नाकातून नळी घातलेल्या रुग्णांची आणखी वेगळी तऱ्हा. गोळी गिळता येत नाही, म्हणून ती खलबत्त्यात कुटून, पाण्यात कालवून नळीतून सोडायची, ही सर्रास पद्धत. बऱ्याच गोळ्यांना ते चालतंही. पण नावापुढे एसआर, ईआर, सीआर अशी अक्षरं असलेली गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळावी म्हणून बनवलेली असते. ती कुटली, की चोवीस तासांचं औषध एका घोटात अंगात जातं. रक्तदाबाची अशी गोळी कुटून दिली आणि तासाभरात दाब कोसळला, तर त्याचं खापर भलत्याच कारणावर फुटतं. फार्मासिस्ट सिस्टरांना ‘कुटू नका’ एवढंच सांगून निघून गेली, तर उपयोग शून्य. सिस्टरांपुढे तीस रुग्ण असतात. त्या औषधाचं सिरप मिळतं का, पाण्यात विरघळणारी गोळी आहे का, साधी गोळी दिवसातून तीनदा देता येईल का, हे शोधून डॉक्टरांकडून लिहवून आणलं, तरच सल्ला उपयोगी.

काही धोक्यांवर माणसाच्या सावधपणापेक्षा कपाट जास्त परिणामकारक ठरतं. पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलिलिटरचा अ‍ॅम्प्यूल दिसायला इंजेक्शनच्या साध्या पाण्यासारखाच. पाण्यात मिसळून, सावकाश, तासातासाने दिला तर जीव वाचवणारा. तसाच थेट शिरेत दिला तर हृदय थांबवणारा. म्हणून असे अ‍ॅम्प्यूल साध्या वॉर्डाच्या ट्रेमध्ये ठेवायचेच नाहीत, वेगळ्या कुलपात, वेगळ्या रंगाच्या लेबलखाली ठेवायचे, हा जगभरचा शहाणपणा. तो आपल्या वॉर्डात रोज पाळला जातो का, हे कुणीतरी फिरून बघावं लागतं. इन्सुलिनचंही तसंच, आणि इथे आपल्या देशाची एक खास अडचण आहे. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटल्या मिळतात आणि १०० युनिट असलेल्याही. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या : लाल टोपणाची ४०ची, केशरी टोपणाची १००ची. १००च्या बाटलीतलं इन्सुलिन ४०च्या सिरिंजने ‘१०’च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. साखर कुठवर उतरेल, ते सांगायला नको.

आयसीयूत अशा गोष्टींना धार येते. एकेका रुग्णाला पंधरा-वीस औषधं, तीही तासागणिक बदलणारी. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या रुग्णाला न्यूमोनिया होतो, मेरोपेनेम सुरू होतं. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर. पण मेरोपेनेम येताच व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी एक-दोन दिवसांत झपाट्याने घसरते आणि बंद झालेल्या फिट पुन्हा येतात. व्हॅल्प्रोएट वाढवून काही साधत नाही. अँटिबायोटिक बदला, नाहीतर फिटचं दुसरं औषध जोडा, एवढेच मार्ग. हे ज्याला ठाऊक आहे, तो मेरोपेनेमचा पहिला डोस जाण्याआधी बोलतो. ज्याला ठाऊक नाही, तो फिट आल्यावर मेंदूचा स्कॅन करायला पाठवतो.

बोलायचं कसं, ही मात्र कोणत्याही पुस्तकात नसलेली विद्या. नवखी फार्मासिस्ट राउंडमध्ये सर्वांसमोर ‘‘सर, हा डोस चुकलाय’’ म्हणते आणि पुढचे दोन महिने त्या युनिटमध्ये तिचं कुणी ऐकत नाही. रुळलेली फार्मासिस्ट म्हणते, ‘‘सर, किडनी २८ येतेय, बारा तासांनी केलं तर चालेल का?’’ आकडा आधी, प्रश्न मागून, आणि निर्णय डॉक्टरांच्या हातात. काहींना या विनयात आपल्या रुग्णालयांतली उतरंड दिसेल, आणि ती आहेच. पण यात निव्वळ मुत्सद्दीपणा नाही. कधी कधी डॉक्टरांना खरोखर जास्त माहीत असतं. स्टेंट बसवलेल्या रुग्णाला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र दिलेलं बघून संगणक लाल इशारा देतो. पण ती जोडी जाणूनबुजून दिलेली असते. नवं पोर पहिल्या महिन्यात संगणकाने दाखवलेली प्रत्येक आंतरक्रिया टिपून फाइलला कागद जोडत सुटतं. काय बोलायचं नाही, हे शिकायला वर्ष-दोन वर्षं जातात. दिवसाला चाळीस बारीकसारीक सूचना आल्या, की चाळिसावी जिवावरची असली तरी ती वाचली जात नाही.

या कामाचा उपयोग मोजता येतो का? येतो. बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या आयसीयूत ल्युसियन लीप आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. फार्मासिस्ट सकाळच्या राउंडमध्ये डॉक्टरांसोबत फिरू लागला, तेव्हा औषध लिहिण्यातल्या चुकांमुळे होणाऱ्या, टाळता येण्याजोग्या दुष्परिणामांचं प्रमाण दर हजार रुग्ण-दिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आलं. त्याने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षाही बोलका आहे : डॉक्टर ऐकत नाहीत ही तक्रार जिथे होते, तिथे अनेकदा फार्मासिस्ट राउंडला नसतोच, त्याचा निरोप दुपारी चिठ्ठीने जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली, तेव्हा अशा चुकांची जगाला पडणारी किंमत वर्षाला ४२ अब्ज डॉलर इतकी सांगितली होती.

आपल्याकडे मोठ्या खासगी आणि अध्यापन रुग्णालयांत ही पदं आता दिसू लागली आहेत. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या ‘एनएबीएच’च्या मानकांमध्ये औषध व्यवस्थापनावर स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचा हा एक परिणाम. तालुक्याच्या गावातलं वीस खाटांचं रुग्णालय आणि बहुतेक सरकारी वॉर्ड मात्र याच्या बाहेरच. फार्म. डी. होऊन बाहेर पडणारी अनेक मुलं-मुली पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत औषधांच्या दुष्परिणामांच्या फाइली संगणकावर भरण्याचं काम करतात, कारण तिथे पगार बरा आणि रात्रपाळी ठरलेली. रुग्णालयाच्या हिशेबात डॉक्टर पैसे आणतो, प्रयोगशाळा पैसे आणते, औषधालय तर आणतंच. न झालेला रक्तस्राव बिलात कुठे लावायचा? उलट महागड्या इंजेक्शनाऐवजी गोळी चालेल असं सुचवणारी फार्मासिस्ट औषधालयाचं उत्पन्न कमीच करते. लिनेझोलिडसारखी काही अँटिबायोटिक्स गोळीच्या रूपातही जवळजवळ पूर्ण शोषली जातात. रुग्ण खाऊ-पिऊ लागला की शिरेतली सुई काढता येते. रुग्णाचे पैसे वाचतात, सुईच्या जागी होणारा संसर्ग टळतो, घरी जाण्याचा दिवस अलीकडे येतो. रुग्णालयाचं गणित मात्र रुग्णाच्या बाजूने मांडायचं म्हटलं, तरच हे पद परवडतं.

पाचव्या दिवशी दहा नंबरच्या आजी उठून बसतात. नातवाचं नाव बरोबर सांगतात. लघवीचा कल्चर रिपोर्ट आलेला असतो, आणि त्यात जंतूवर चालणाऱ्या तोंडावाटेच्या औषधांत को-ट्रायमॉक्साझोल दिसतं. निवासी डॉक्टर खूश : आजींना गोळी सुरू करून उद्या घरी सोडू. इंजेक्शनवरून गोळीवर यायचा आग्रह एरवी फार्मासिस्टच धरते. या वेळी तीच थांबवते. को-ट्रायमॉक्साझोल आणि मेथोट्रेक्सेट यांची जोडी रक्तपेशींसाठी कुप्रसिद्ध. गोळी थांबवून आठवडाही झालेला नाही आणि मूत्रपिंडं मंद आहेत. जुनं औषध पेशींमध्ये अजून घर करून आहे. दुसरा पर्याय नायट्रोफ्युरॅन्टॉइनचा. पण तो इतक्या मंद मूत्रपिंडांत लघवीत पुरेसा उतरत नाही. मोठे डॉक्टर क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, ‘‘मग अजून तीन दिवस इंजेक्शनच देऊ.’’ सुनेचा चेहरा उतरतो. तीन दिवसांचं बिल वाढणार. फार्मासिस्टला ते दिसतं. काही सल्ले रुग्णाला महाग पडतात आणि तरी द्यावे लागतात.

याच वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या अंगावर दुपारी लाल चट्टे उठतात. नव्या अँटिबायोटिकच्या दुसऱ्या डोसनंतर. औषध बंद होतं, आणि फार्मासिस्ट एक पानी अर्ज भरायला बसते. भारताचा औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. तिथून या नोंदी स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक साठ्यात जातात. एका वॉर्डातल्या चट्ट्यांना तसा अर्थ नसतो, हजारो वॉर्डांतले चट्टे एकत्र आले की त्यातून इशारा उमटतो. ही नोंद करायला फार्मासिस्टच हवा असं नाही. १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही कळवू शकतात. फोन करणारे थोडे. चट्टे आले की आपण ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणतो.

आठव्या दिवशी आजींना घरी सोडतात. डिस्चार्ज कार्ड झालं, बिल झालं, रिक्षा दाराशी आली; या घाईत फार्मासिस्टच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. घरी चालू असलेली रक्तदाबाची गोळी एका कंपनीची, रुग्णालयात दिलेली दुसऱ्या कंपनीची, आणि आत औषध एकच. घरी गेल्यावर आजी जुनीही घेतील आणि नवीही, कारण एक पांढरी आहे आणि एक गुलाबी. ती जुनी पट्टी संपेपर्यंत नवी उघडायची नाही, असं सांगून दोन्हींना एकच रबर लावते. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. चूर्णाचं काय, हा प्रश्न ती हसत विचारते, कारण रागावून विचारलं की घरची औषधं लपवली जातात. चूर्ण कुठून आणलं, त्यात काय आहे, हे सुनेला सांगता येत नाही. ‘‘पुढच्या तपासणीपर्यंत बाजूला ठेवा. येताना डबी घेऊन या.’’

मग तिला आठवतं. ‘‘आजी, उपवास धरता का?’’

‘‘एकादशी धरते. आणि संकष्टी.’’

‘‘त्या दिवशी गोळ्या घेता?’’

आजी सुनेकडे बघतात. सून म्हणते, ‘‘उपवासाला त्या काहीच घेत नाहीत. पाणीसुद्धा नाही.’’ मिनिटाला २८ मिलिलिटर गाळणाऱ्या मूत्रपिंडांना निर्जळी एकादशी परवडणारी नाही. फार्मासिस्ट मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणते, कारण हे तिच्या तोंडून ऐकलं जाणार नाही. डॉक्टर खुर्ची ओढून बसतात आणि एकादशीला पाणी आणि गोळी घ्यायची, हे आजींकडून दोनदा वदवून घेतात.

निघताना सून पिशवी आवरते. पिवळ्या गोळ्यांची पट्टी तिच्या हातात येते. ‘‘ताई, ही रविवारी सुरू करू ना परत?’’

‘‘नाही. सांध्यांच्या डॉक्टरांना हे कार्ड दाखवेपर्यंत एकही नाही.’’ ती पट्टी एका लिफाफ्यात घालते, लिफाफ्याला पिन मारते आणि वर जाड पेनाने लिहिते : डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नये. मग तो लिफाफा औषधांच्या पिशवीत नाही, तर डिस्चार्जच्या फाइलमध्ये ठेवते आणि अकरा नंबरच्या खाटेकडे वळते. तिथे रात्री नवा रुग्ण आलेला असतो, आणि त्याने घरून एकही चिठ्ठी आणलेली नसते.